ही गाडी झुकत नाही

येरवडा, पुणे
रविवार, १० नोव्हेंबर २०१९

प्रिय जुबेदा,

सलाम आणि खूप दुवा. तुमच्या साताऱ्यात थंडी पडली असेल, इथे अजून पंखा लागतो. पायाला रोज तेल लावतेस ना? तुझ्या दुल्हेभाईंची साखर आटोक्यात आहे, जीभ नाही. पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि मग मला विषय बदलायला बरं पडतं, म्हणून यावेळी पत्र. उर्दू तुला धड वाचता येत नाही, आणि इंग्रजीत लिहायला बसले की कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲग्नेस अजून माझ्या मानेमागे येऊन उभ्या राहतात. तेव्हा आपली मराठीच बरी.

तर बातमी अशी, की मी मोटरसायकल शिकले. त्रेसष्टाव्या वर्षी. हसून घे आधी.

साधीसुधी नाही हं. पुढे एक चाक, मागे दोन रुंद चाकं, वजन साडेपाचशे किलोच्या वर. खराडीचे हिंदुराव तुला आठवतील, अब्बांच्या वर्कशॉपमध्ये जीप घेऊन यायचे आणि चहा बशीत ओतून प्यायचे. त्यांनी हौसेने परदेशातून आणवली. आता त्यांची कंबर गेली, मुलांना तिच्याकडे बघायला वेळ नाही. गाडी आपल्या वर्कशॉपमध्ये देखभालीला ठेवून तुझ्या दुल्हेभाईंना म्हणाले, "अकबरशेठ, हुबी राहिली तर गंजंल. कुणीतरी फिरवा." दुल्हेभाई म्हणाले, "खोलून जोडून देतो. चालवायचं वय गेलं माझं." मी म्हटलं, "माझं कुठे गेलंय?" दोघेही हसले. मी हसले नाही.

काय गाडी आहे, जुबेदा! बसलं की आरामखुर्चीत बसल्यासारखं वाटतं, पाय पुढे पसरलेले, हात सैल. इंजिन सुरू झालं की आवाज कानात नाही, पोटात येतो. मूठ जरा पिळली की ती घाई करत नाही, मागून कुणीतरी मोठ्या हाताने ढकलावं तशी निघते. नगर रोडला साठ-सत्तरच्या वेगाला तिला धाप नाही, घाम नाही, आणि अजून कितीतरी जोर हाताशी शिल्लक आहे हे तुम्हाला कळत राहतं. तो शिल्लक जोरच मला आवडतो. वापरायची गरज पडत नाही. मागे घ्यायला बटण आहे, नाहीतर एवढं धूड मी काय मागे ढकलणार! आणि सिग्नलला सगळे दुचाकीवाले एक पाय टेकून वाकडे उभे असतात, तेव्हा मी दोन्ही पाय वर ठेवून बसलेली असते. महाराणीसारखी म्हण.

परवा येरवड्याच्या चौकात शेजारच्या रिक्षावाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हेल्मेट, सलवार-कमीज, कमरेला बांधलेला दुपट्टा. म्हणाला, "मावशी, मीटरने येणार का?" मी म्हटलं, "तुमची रिक्षा मागे बांधा, तुम्हालाच नेते." सिग्नल सुटला आणि तो खरोखरच मागे राहिला.

मागची सीट तर पाठीला टेकायला गादी आणि दोन्ही बाजूंना हात ठेवायला जागा असलेली आहे. हे मुद्दाम लिहिते आहे. का ते पुढे कळेल.

हिंदुरावांनी मला रविवारी सकाळी खराडीत शिकवलं. तिथे कचेऱ्यांचे रस्ते सुट्टीच्या दिवशी अगदी मोकळे असतात. एका काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितं माझी ज्वारी हुती." मग खुर्ची टाकून तिच्या सावलीत बसले आणि ओरडायला लागले. मी तीस वर्षं स्कूटरवर शाळेत शिकवायला गेले, त्यामुळे वेग कमी झाला की पाय आपोआप खाली जायचा. "वहिनी, पाय वर! मागलं चाक पायावरनं जाईल! ही पडत न्हाय, हिला टेकू कशाला?" पाय वर ठेवायला शिकण्यात दोन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी वळणं होती. डावीकडे वळायचं होतं. मी स्कूटरसारखं अंग डावीकडे झुकवलं. गाडी सरळच निघाली, फुटपाथच्या दिशेने. हिंदुराव खुर्चीवरून उठले, त्या कमरेने, आणि ओरडले, "झुकू नका वहिनी! ही गाडी झुकत न्हाय. हिला हातानं वळवायला लागतं!"

मी ब्रेक दाबला आणि रस्त्याच्या मधोमध बसून राहिले. त्यांना वाटलं मी घाबरले. पाणी घेऊन आले.

हेच शब्द मी आधी ऐकले होते, जुबेदा. अब्बांच्या तोंडून.

अब्बांची साइडकारची गाडी तुला आठवते. मिलिटरीच्या लिलावातली, हिरवा रंग कोपऱ्यांतून डोकावणारी. रोज सकाळी मी अब्बांच्या मागे, तू डावीकडे साइडकारमध्ये दप्तरं मांडीवर घेऊन, आणि बंडगार्डनच्या पुलावरून कॉन्व्हेंटला. फाटकातल्या मदर म्हणायच्या, "द मैनुद्दीन फॅमिली हॅज अराइव्ह्ड," आणि अब्बा टोपी काढायचे. बहात्तर साली मी सोळाची होते, तू अकराची. त्याच वर्षी अब्बांनी मला वर्कशॉपच्या अंगणात साध्या मोटरसायकली चालवायला शिकवलं. साइडकारचं मात्र बजावलं होतं, "ही झुकत नाही. हिला हाताने वळवावं लागतं. तुला अजून द्यायची नाही."

तो शुक्रवार. अब्बा नमाजाला गेले होते. मी खुंटीवरून किल्ली काढली. तू नको म्हणालीस, मी तुला बोरं कबूल केली. तुरुंगाच्या भिंतीमागचा रस्ता मोकळा होता, आणि मी फार खूश होते. डाव्या वळणावर मी झुकले, दोन चाकांवर झुकतात तशी. गाडी वळेना. मग घाबरून हँडल एकदम ओढलं, साइडकार उचलली गेली, आणि खाली आदळली ती मोरीच्या दगडावर. तळाचा पत्रा आत चेपला, आणि तुझा पाय त्यातच होता.

तुला त्यातलं काहीच आठवत नाही असं तू नेहमी सांगतेस. तुला जे आठवतं ते मी सांगितलेलं आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात अब्बांनी विचारलं, "काय झालं, बानू?" आणि मी म्हटलं, "जुबेदा उभी राहिली. तोल गेला."

एवढंच वाक्य. कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली लाकडी जाळीपाशी जाऊन आपल्या चुका सांगून मोकळ्या होऊन येत. मी बाकावर बसून पाहायची. आपल्यासाठी ती जाळी नव्हती, हे मी बरीच वर्षं कारण म्हणून वापरलं.

तू शुद्धीवर येईपर्यंत सगळ्यांनी तुला माफ करून टाकलेलं होतं. न केलेल्या गोष्टीसाठी. "बसून राहा हं, जुबेदा" हा घरातला विनोद झाला. ईदेला, जेवणाला, तुझ्या निकाहाच्या दिवशीसुद्धा अब्बा म्हणाले आणि सगळे हसले, आणि तू खरंच बसून राहिलीस. अब्बांनी गाडी विकली, तेव्हा तू त्यांची माफी मागितलीस, मी दाराशी उभी होते. त्यानंतर तू तीन चाकांच्या कशातच बसली नाहीस. दर वर्षी अब्बांच्या बरसीला येतेस आणि रिक्षावाल्यांना नाही म्हणत, तो पाय ओढत, स्वारगेटहून बससाठी चालतेस. आम्ही त्यावरही हसतो. मीही.

अब्बांनी मला पुन्हा कधी किल्ली दिली नाही. काही विचारलंही नाही. त्यांना गाड्या कळत होत्या, तेव्हा काय समजायचं ते मी समजले आहे.

मी रडत लिहीत नाहीये. बऱ्याच वर्षांत इतकं स्वच्छ वाटलं नव्हतं, आणि त्यात माझा स्वार्थ आहे हेही मला कळतं. तू चिडशील. चीड. फोन उचलला नाहीस तरी चालेल, हे पत्र मात्र फाडू नकोस. पुढच्या पिढीत कुणी तो विनोद केला तर दाखव.

येत्या २४ तारखेला अब्बांची बरसी. तुझी गाडी दहाला स्वारगेटला लागते. मी तिथे उभी असेन, हिंदुरावांचं ते धूड घेऊन. आता मला तिला वळवता येतं. खराडीत दोन महिने डावी वळणं घेतली आहेत, रोज पहाटे, रस्ते मोकळे असताना, आणि एकदाही झुकले नाही. मागची जागा तुझी आहे. बसावंसं वाटलं नाही तर गाडी तिथेच लावीन आणि तुझ्यासोबत चालेन, तुझ्या चालीने, बसपर्यंत. आणि माझ्या शेजारी चालायचंही नसेल, तर दहा पावलं मागून येईन.

त्या रविवारी फातेहा पढायला सगळे जमतील, तेव्हा हेच मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

तू उभी राहिली नव्हतीस, जुबेदा. तू बसलेलीच होतीस, दोन्ही हातांनी कड घट्ट धरून, कारण मी तसं सांगितलं होतं.

तुझी,
बानूआपा