पोटातले भाडेकरू

कोथरूड, पुणे
१२ जानेवारी २००९

ती. आई,

पुण्याहून शर्मिलाचा जयभीम. मी मजेत आहे. मेसची डाळ पातळच असते, पण जेवते.

पुढचं फोनवर सांगितलं असतं तर तू फोनच ठेवला असतास. आमच्या प्रयोगशाळेत निरोगी माणसाच्या शौचाचा नमुना हवा होता, मी माझाच दिला. गंमत म्हणजे माझ्या पोटातल्या जंतूंमध्ये त्यांना एका जंतुनाशक औषधाला दाद देऊ न देणारं जनुक सापडलं. ते औषध मी जन्मात घेतलेलं नाही! जंतू अशी जनुकं एकमेकांना देतात, तू शेजारी विरजण देतेस तशी. मग माझ्याकडे ते आलं कुठून? मेसमधून, की घरून?

मला काही त्रास नाही. बाबांच्या पायाची जखम भरली का? त्यांच्या कॅप्सूलचं नाव कळव. हेच औषध नाही ना? अर्धवट सोडू देऊ नकोस, आणि उरलेल्या कुणाला वाटू नकोस.

घरी येणाऱ्या अभयदादाबरोबर नमुन्याच्या दोन रिकाम्या डब्या पाठवतेय, एक तुझी, एक बाबांची. परत पाठवताना लाडवांच्या पिशवीत घालू नकोस.

तू कुणाचा डबा कधी रिकामा परत केला नाहीस. लाजून याही रिकाम्या परत करू नकोस. बाबांची तर नकोच.

तुझी,
शर्मिला