मुठीवरचे दोन चेहरे

किलकेनी, ३ ऑगस्ट १७८४

ती. टोबायसदादास, धाकट्या लेटिशाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या भाच्याने दिवे लावले आहेत. जेवताना गॅरेटने लूशियसच्या घोडीला लंगडी म्हटलं आणि आमच्या बाळाने दारूचा पेला त्याच्या तोंडावर रिकामा केला. एका ताटात जेवून वाढलेली पोरं! आता कापणी उरकली की कुरणात पिस्तुलं रोखून उभी राहणार. माघार घेणाऱ्याला गावात कुणी पंगतीला घेत नाही म्हणे. दोघांनीही न हाताळलेली पिस्तुलांची जोडी लागते, आणि मामाच पिस्तुलं घडवतो, म्हणून लूशियस तुझ्याकडेच मागणार आहे. दादा, नाही म्हण. एकुलता एक आहे रे माझा.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी लेटिशा

डब्लिन, ९ ऑगस्ट

चि. लेटिशास अ. आ.

मी नाही म्हटलं तर तो शेजारच्या दुकानात जाईल. तेव्हा जोडी मीच करतोय. रडू नकोस, पुढे वाच. अक्रोडाच्या लाकडात चांदीची तार ठोकून वेल काढलाय, चकमकीच्या खटक्यावर पानं कोरलीत. मुठीच्या बुडाशी चांदीची टोपी बसते, तिच्यावर एरवी मी सिंहाचं तोंड काढतो. या वेळी सिंह नको वाटतोय. गॅरेटच्या आईच्या, सबाइनाच्या, गालावरचा तीळ डावीकडे की उजवीकडे, तेवढं लगेच कळव. तुझं तोंड मला पाठ आहे.

काळजी करू नये, जेवत जावं.

तुझा टोबायस

किलकेनी, २० सप्टेंबर

ती. दादास, लेटिशाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल लूशियस धडधाकट घरी आला. कुरणात नाणं उडवून पिस्तुलं वाटली, तर लूशियसच्या हाती सबाइना आली आणि गॅरेटच्या हाती मी! मी डोळे वटारतेय असं गॅरेटला वाटलं आणि मुरंबा चोरताना पकडल्यासारखा तो कानापर्यंत लाल झाला. लूशियसने तीळ पाहिला. गोवर आला तेव्हा याच काकूने उशाशी बसून आपल्याला लापशी भरवली, हे त्याला आठवलं, आणि हात उचलवेचना. शेवटी दोघांनी आभाळात बार काढले. साक्षीदार चिडले, तर हे दोघं माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओटच्या भाकऱ्या मागायला लागले. घोडी जरा लंगडते, हेही लूशियसने खाता खाता कबूल केलं. मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं.

जोडी आम्ही दोघींनी फोडली. सबाइना माझ्या कपाटात आहे, मी तिच्या. पुन्हा भांडायचं झालं तर पोरांना आधी दोन्ही आयांची परवानगी लागेल.

तक्रार एकच. माझं नाक एवढं आहे का रे? सबाइना म्हणते, अगदी हुबेहूब.

लोभ वाढवावा, नाक नको.

तुझी लेटिशा