पोपट दोन

११ जानेवारी, रविवार
दुकानाची घोषणा-खोली, दुसरा मजला

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. पत्राची सुरुवात कशी करायची हे शाळेत शिकवलं तेव्हा मी वर्गाबाहेर उभा होतो, त्यामुळे चुकलं तर गोड मानून घे. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीतला जोडीदार झोपेत घोरतो आणि सकाळी मलाच विचारतो, "काल कोण घोरत होतं रे?" आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, तिने विणलेली कानटोपी रोज घालतो. घालत नाही, पण सांग.

पत्र बघून तुला वाटलं असेल, पोपट्या मेला की काय. तसं काही नाही. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं म्हणून लिहितोय. फोनवर तू माझ्या कुठल्याच आवाजावर विश्वास ठेवत नाहीस आणि ते बरोबरच आहे. अक्षर मात्र माझंच आहे. एवढं घाण अक्षर नक्कल करून कोणी काढणार नाही.

परवा तू फोन केलास. तुमच्या हॉस्पिटलातला चष्मेवाला नोकरी सोडतोय, म्हणजे कॉम्प्युटर विभागाची जागा रिकामी होतेय, हे सांगितलंस. नोटीस लागलीय, आयटीची पदवी पाहिजे, शेवटच्या वर्षाला असलेलेही चालतील. आणि हसलीस. म्हणालीस, "शेवटचं वर्ष काय, आपलं पहिलंसुद्धा नाही." मी समोरचा माईक उगाच पुसत राहिलो. मग तू म्हणालीस, "आज कुठला आवाज काढतोयस? गप्प बसायचा?"

तेव्हापासून जेवण जात नाही. म्हणजे जातं, पण चव लागत नाही.

थांब. कोणीतरी गाडीचे दिवे चालू ठेवून आत आलंय. घोषणा करून येतो.

आलो. तर दोन वर्षांपूर्वीची ती निळी वही आठवते तुला? रेकॉर्ड रूममधून ड्यूटी करून यायचीस, चप्पल काढायच्या आधी चहा टाकायचीस आणि ओट्यापाशी स्टुलावर बसून एकेका विद्यापीठाला फोन लावायचीस. घरबसल्या करता येईल अशी, परवडणारी आणि खरी डिग्री. तीन गोष्टी एकत्र मिळतात का ते बघत होतीस. मी पलंगावर लोळत तुझी नक्कल करायचो. "मान्यता कोणाची? यादीत नाव आहे का? कितव्या पानावर? परीक्षा कुठे द्यायची?" समोरचा म्हणायचा, "मॅडम, मान्यता प्रोसेसमध्ये आहे," की तू वहीत त्या नावावर काट मारायचीस. आणि तो एक, "मॅडम, डिग्री कुठल्या सालची पाहिजे?" असं विचारणारा. तू किती शांतपणे म्हणालीस, "माझ्या जन्माच्या आधीची असेल तर बघा." आई हसून हसून खाली बसली होती.

तू एक गोष्ट तेव्हाच ओळखली होतीस. खोटे असतात ते दिवसातून दहा वेळा फोन करतात, रोजच त्यांचा शेवटचा दिवस असतो. खरे दोनदा करतात. तिसऱ्यांदा नाही. त्यांना गरज नसते.

सापडलं शेवटी एक. सरकारी, यादीत अकराव्या पानावर नाव, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी निम्म्या फीच्या थोड्या जागा. तू अर्ज भरलास, कागद जोडलेस. पडताळणीसाठी फोन येईल असं त्यांनी कळवलं. त्या दिवसापासून तू फोन घेऊन न्हाणीघरात जायला लागलीस.

आणि मी काय केलं ते तुला माहीतच आहे. दुकानाच्या आपल्या गावातल्या शाखेत होतो तेव्हा. दुकानाच्या फोनवरून केला, घोषणेचा आवाज अर्धा आणि आपल्या दाताच्या डॉक्टरचा अर्धा, असा मिसळून. "प्रवेश विभागातून बोलतोय. अभिनंदन, आपली निवड झाली आहे. पडताळणीसाठी काही प्रश्न." उंची विचारली. चपलेचा नंबर विचारला. तू सगळं सांगितलंस. मग म्हटलं, "गणिताची तयारी बघायची आहे. एकोणतीसचा पाढा म्हणा." आणि तू म्हणालीस ताई. अख्ख्या रेकॉर्ड रूमसमोर, उभी राहून. सातव्याला अडखळलीस, थांबून मनात बेरीज केलीस आणि बरोबर दोनशे तीन म्हणालीस. दोनशे नव्वदला पोचलीस तेव्हा मला हसू आवरलं नाही.

तुमच्याकडचे लोक महिनाभर तुला एकोणतीस मॅडम म्हणत होते. तू रागावली नाहीस. घरी आलीस, खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नव्हतीस, दारातच म्हणालीस, "मला वाटलं खरंच झालं." एवढंच. मग चहा टाकलास, मलाही दिलास.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. शिफ्ट संपली, दिवे बंद करायला माणूस आलाय. उरलेलं नंतर लिहितो.

१३ जानेवारी, मंगळवार

काल लिहिणार होतो. काल तीन वेळा कागद काढला आणि तीन वेळा डबा उघडून जेवलो. आता लिहितो.

त्या पाढ्यानंतर चार दिवसांनी तू घरी आलीस आणि म्हणालीस, "आज दोनदा केलास ना? पहिल्यांदा मी विचारलं, आज कितीचा पाढा? आणि ठेवला. दुसऱ्यांदा म्हटलं, पोपट्या घरी ये, मग बघते तुला. नंबर पोपट दोन नावाने टाकून ब्लॉक केलाय." मग माझ्या डोक्यात टपली मारून म्हणालीस, "पण आवाज छान जमला होता. खरा साहेब वाटत होतास."

ताई, त्या दिवशी मी फोन केलाच नव्हता.

मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं. तुझा फोन पिशवीतच होता, नंबर त्यात होता. पण तू आवाजाची तारीफ केलीस. माझी तारीफ घरात कोणी कधी केली नव्हती, बारावीचा निकाल तर तुला माहीत आहे. मी म्हटलं, "जमला ना?" आणि बिस्किट उचललं.

मला खरंच वाटलं, तुमच्या रेकॉर्ड रूममधल्याच कोणीतरी केला असेल. असं मी स्वतःला सांगितलं. ते काही खरं नव्हतं. मला त्या बिस्किटाबरोबरच कळलं होतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी पोस्टमन आला. तू ड्यूटीवर, आई आत झोपलेली. सही करून मीच घेतलं. विद्यापीठाचं पत्र, तुझ्या नावाचं. मी उघडलं. लिहिलं होतं की दोनदा संपर्क केला, उमेदवाराने प्रतिसाद दिला नाही, तरी सात दिवसांत स्वतः फोन करावा, नाहीतर निम्म्या फीची जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. खाली फोन नंबर.

सात दिवस होते माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी ठरवलं, तू आलीस की सांगू. तू आलीस तेव्हा डोकं दुखत होतं तुझं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोन केला, साहेबाच्या आवाजात नाही, घाबरलेल्या. ते म्हणाले, उमेदवाराला बोलू द्या. तिसऱ्या दिवशी काय झालं आठवत नाही. चौथ्या दिवशी तू म्हणालीस की डिग्री मिळाली तर आईला जिना नसलेल्या घरात नेऊ. त्यानंतर तर तोंडच उघडेना. पत्र मी माझ्या बारावीच्या मार्कलिस्टच्या फाइलमध्ये घातलं. तिथे कोणी हात घालत नाही, मीसुद्धा नाही.

यादी लागली. तुझं नाव नव्हतं. तू स्क्रीनवर दोनदा खालून वर गेलीस. मग म्हणालीस, "माझे मार्कच कमी पडले असतील." तरी फोन करून विचारणार होतीस, नंबर शोधायला वही काढली होतीस. मी काय म्हणालो? "नाव नाही म्हणजे नाही. कशाला स्वतःचं हसं करून घेतेस?" तुझं हसं होऊ नये असं म्हणणारा मी. तू वही मिटलीस. पुढच्या वर्षी ती उघडलीच नाहीस. मागच्या पानांवर भाजीची यादी लिहायला लागलीस.

तुझे मार्क कमी पडले नव्हते, ताई. तुझं नाव निवडलेल्यांत होतं. पत्रातल्या दुसऱ्या ओळीत तसं छापलंय. तेच पत्र या पाकिटात घातलंय. घडी मी बऱ्याच वेळा उघडली त्यामुळे मधे फाटलंय, चिकटपट्टी लावलीय.

मी हिशोब केला. तू तेव्हा सुरू केलं असतंस तर या जुलैपासून शेवटच्या वर्षाला असतीस, आणि तुमची नोटीस जुलैनंतरच्या मुलाखतींची आहे. बॅकअप कसा घ्यायचा ते तू चष्मेवाल्याला शिकवलंस, प्रिंटर बिघडला की तो तुलाच हाक मारायचा. आता नवीन येईल त्यालाही तूच शिकवशील. हे मला परत आणून देता येत नाही. बाकी सगळ्याची नक्कल येते मला.

रागाव. आईला सांगायचं असेल तर सांग. मला वाटलं होतं लिहिल्यावर हलकं वाटेल, तसं काही झालं नाही, आणि व्हायला नको होतं.

एक काम केलंय, ते ऐक. या वर्षीच्या मान्यतेच्या यादीचं पान छापून सोबत घातलंय. आता ते चौदाव्या पानावर आहेत. मी फोन केला, माझ्याच आवाजात. इतका तोंडातल्या तोंडात बोललो की तिथल्या बाईंनी तीनदा नाव विचारलं. निम्म्या फीच्या जागा अजून आहेत. अर्ज पंधरा फेब्रुवारीपर्यंत. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, यादीवरचा नंबर स्वतः लाव आणि तुझे चारही प्रश्न विचार, पानाच्या नंबरासकट. अर्जाला मी हात लावलेला नाही.

अर्जानंतर ते फोन करतील, दोनदाच. त्यांचा नंबर बदललेला नाही, जुन्या पत्रावरचाच आहे. तुझ्या फोनमध्ये तो पोपट दोन नावाने बंद करून ठेवलेला आहे. आज, पत्र खाली ठेवायच्या आधी, तो सुरू कर.

आणि यापुढे तुझा प्रवेश होईपर्यंत मी तुला फोन करणार नाही. तुझा वाढदिवस मधे येतो, तेव्हाही नाही. तुला करावासा वाटला तर कर, नाही वाटला तरी मी समजेन. पण माझ्याकडून एकही जाणार नाही. म्हणजे कोणीही, कुठल्याही आवाजात, प्रवेश विभागातून बोलतोय म्हणालं तर तो माणूस खरा असेल. पाढा विचारणार नाही तो. नीट उत्तर दे.

आईला नमस्कार. कानटोपी आजपासून घालतोय.

तुझा,
पोपट एक
(दुसरा कधी नव्हताच, ताई.)