शेंदराची कात्री

अण्णा, तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा विचारलं नाही, कारण तुमचा आवाज चढला की आईसुद्धा परातीतलं पीठ तसंच टाकून उभी राहायची. आता तुम्ही रागावू शकत नाही, म्हणून मला धीर आलाय. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, त्याच्या कितीतरी पुढे मी आलेय. म्हणजे आता तशी मीच थोरली. तेव्हा मधे मधे न बोलता निमूट ऐकून घ्यायचं.

झालं असं की माझी नात वकिलीचं शिकते. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत; मी मराठीत ओरडते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. त्यांच्या कॉलेजात वादविवाद होता. विषय असा, की कुणावर गुन्हा दाखल न करता पोलिसांनी एखाद्याचा माल जप्त करून ठेवून घ्यावा की नाही. विषय ऐकून मी हसलेच. म्हटलं, अगं, यावर बोलायला तुला जाडजूड पुस्तकं कशाला हवीत, तुझ्या पणजोबांनी जन्मभर दुसरं केलं काय! ती लगेच मांडी ठोकून समोर बसली. "आजी, बताइए न. पणजोबा क्या कहते थे? रखना ठीक है कि नहीं?" आणि अण्णा, तुम्ही काय म्हणायचात ते मला पाठ होतं. तुम्हाला काय वाटायचं, ते मला अजून माहीत नाही.

तुम्ही म्हणायचात ते मी तिला सांगितलं. झाशीत रुळांच्या पलीकडचं तुमचं ठाणं, तुम्ही तिथले हेड मोहर्रिर, म्हणजे कारकुनी बघणारे हवालदार, आणि मालखाना तुमच्या ताब्यात. मालखाना म्हणजे जप्त मालाची खोली. ट्रंका, सायकली, पितळी हंडे, एक वीणासुद्धा होती कुणाची तरी. प्रत्येक वस्तू कापडात बांधलेली, गाठीवर लाखेचं सील, वर चिठ्ठी. तुम्ही म्हणायचात, जप्ती ही शिक्षा नव्हे, ही राखण आहे. आणि त्या म्हातारीची गोष्ट सांगायचात, जिची दागिन्यांची पेटी गाडीतून चोरीला गेली होती. पेटी फलाटावर बेवारस सापडली, चोर कधीच सापडला नाही, गुन्हा लावणार कुणावर? पण माल धरून ठेवला म्हणून लेकीच्या लग्नाआधी म्हातारीच्या हातात पडला. ती तुम्हाला मुलासारखं कुरवाळून गेली म्हणे. गुन्हेगार मिळेपर्यंत मालाला हात लावायचा नाही असा नियम असता तर पेटी कुठल्या कुठे गेली असती, असं तुम्ही हात आपटून म्हणायचात, आणि मला ते पटायचं. खरं सांगते, आजही पटतं.

मग नात म्हणाली, "और जिसका माल सच में उसी का हो?" आणि मला तो शिंपी आठवला.

टहरौली गावचा होता. वाळलेला, मान जरा पुढे काढून चालणारा. ग्वाल्हेरला कुणा नातेवाइकाकडे काही महिने काम करून शिलाई मशीन घेऊन परतत होता. गाडीतून उतरून टहरौलीच्या बसकडे निघाला, तर फलाटावर तुमच्या शिपायांनी अडवलं. त्या दिवसांत पार्सलच्या डब्यांतून मशिनी चोरीला जात होत्या, आणि याच्याकडे पावती नाही. कुठून असणार! मशीन त्याच्या उस्तादाची, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो शिकला त्याची. मरताना उस्तादानं ती त्याला दिलेली. मरणारा माणूस पावती फाडतो काय? संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि मग त्याला सोडून दिलं. गुन्हा नाही, कलम नाही, काही नाही. मशीन तेवढी ठेवून घेतली, संशयावरून. कागदावर लिहिलं, एक जुनी काळी शिलाई मशीन. मालकी शाबीत कर, मॅजिस्ट्रेटचा हुकूम आण, मग ने.

तो दर सोमवारी यायचा. हे सगळं जेवताना तुम्हीच सांगायचात. तुम्ही त्याला चहा पाजायचात, पंख्याखाली बसवायचात. तो विचारायचा, "बाबूजी, मसीन नीकी है हमाई?" आणि तुम्ही म्हणायचात, नीकी आहे, अगदी धड आहे, काळजी नको. उन्हाळ्यातली लगीनसराई त्याची अशीच गेली. दुसऱ्याच्या दुकानात बसून काजं करायचा, बटणं लावायचा, कारागीर माणूस. आई एकदा म्हणाली, "अहो, देऊन टाका की बिचाऱ्याला, तुम्हाला दिसतंय ना त्याची आहे ती." तुम्ही म्हणालात, मला दिसून काय उपयोग, कागदाला दिसलं पाहिजे.

आता खंडे नवमीचं. आपण शिपाईगड्यांच्या वंशातले, पेशव्यांच्या वेळी इकडे आलेले. हत्यारांची पूजा आपल्या घरात चुकली नाही कधी. पण तुमची तऱ्हा जगावेगळी. घरची तलवार पुजून झाली की तुम्ही मालखान्यात जायचात. करवती, कुऱ्हाडी, वाकस, पाने, जप्तीतली जेवढी म्हणून हत्यारं असतील ती सोडवून काढायचात, घासूनपुसून तेल लावायचात, हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवायचात, आणि परत बांधून तेच सील ठोकायचात. सील तोडणं हा गुन्हा, हे झाशीत तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी एकदा विचारलं तर म्हणालात, "कुणाच्या तरी पोटाचं हत्यार आहे हे. आज त्याच्याकडून पूजा चुकली तर तो तिकडे तळमळत असेल. त्याच्या वतीनं मी करतो." अण्णा, मला तुमचा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी, की डोळ्यांत पाणी आलं.

त्या वर्षी नैवेद्याचं ताट घेऊन मी मालखान्यात आले होते. बी.ए.ला होते, चांगली घोडी झालेली. तुम्ही शिंप्याची मशीन आडवी केलीत. खालच्या लोखंडावर तांबडं काहीतरी जाड थापलेलं. तुम्ही म्हणालात, "बघ, गंज चढला. पावसाळ्यात जपलं नाही मी." रॉकेलचं फडकं घेतलंत, विटकरीची पूड घेतलीत, आणि घासायला बसलात. मी वाकून बघत होते. गंज नव्हता तो. शेंदूर होता, तेलात कालवलेला, वर्षानुवर्षं थरावर थर दिलेला. आणि त्याची कात्री काढलेली होती, दोन पाती, दोन गोल. मला नीट दिसली. मनात म्हटलंसुद्धा, अगं बाई, कात्री! तोंडातून मात्र शब्द निघाला नाही; तुम्ही कामात असताना मधे बोललेलं तुम्हाला खपत नसे, आणि त्याचं काही महत्त्व असेल असं माझ्या टाळक्यात शिरलंही नाही. बघता बघता लोखंड आरशासारखं झालं. वर तुम्ही झेंडूचं फूल ठेवलंत.

दिवाळीनंतर त्याची तारीख लागली, सिविल लाइन्सच्या कोर्टात. तुमचा चष्मा घरी राहिला म्हणून मी कॉलेजातून मधल्या सुट्टीत तो पोचवायला आले आणि मागच्या बाकावर बसले. शिंपी धुतलेला सदरा घालून आला होता. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, तुझी कशावरून? तो खुलला अगदी. म्हणाला, हुजूर, उस्तादानं खाली शेंदराची कात्री काढलीय, दर दिवाळीला आम्ही तिच्यावर हात फिरवतो, उलटून बघा. मॅजिस्ट्रेट तुम्हाला म्हणाले, "देखिए हेड साहब, कोई निशान है?" तुम्ही मशीन उलटवलीत. चष्मा लावलात, मीच आणून दिलेला. बराच वेळ बघत राहिलात. आणि म्हणालात, "नहीं हुज़ूर. कोई निशान नहीं."

शिंपी पुढे झाला. त्यानं त्या चकचकीत लोखंडावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "इतै हती, हुजूर," तो म्हणाला, "कैंची इतै हती!" इथेच होती म्हणून. रागावला नाही तो. गोंधळला. जणू आपणच काहीतरी विसरतोय, असा तोंडाकडे बघत राहिला सगळ्यांच्या. मॅजिस्ट्रेटनं अर्ज फेटाळला.

आपण टांग्यातून परत येत होतो. मी म्हटलं, "अण्णा, ती कात्री..." तुम्ही टांगेवाल्याकडे बघून आवाज खाली आणलात. "सील मी तोडलं म्हणून सांगितलं तर उद्या वर्दी उतरवतील. मग तुझं कॉलेज कुठलं? तू काही पाहिलेलं नाहीस." आणि मी म्हटलं, "बरं." एवढंच. मुकाट्यानं घरी आले, जेवले, दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. नागरिकशास्त्र शिकत होते अण्णा, नागरिकांचे हक्क! पुढे तेच तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं.

मुदत संपली, कुणी दावेदार ठरला नाही, म्हणून होळीच्या आधी मालखान्याचा लिलाव झाला. त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते थेट सैंपाकघरात, बूट न काढता. आईनं बूट पाहिले आणि चक्क पाट मांडला. मी पोळ्या लाटत होते. तुम्ही पाटावर बसलात आणि सांगायला लागलात, की तो शिंपी आला होता. बायकोचे चांदीचे तोडे मोडून आला होता, आपलीच मशीन बोलीवर घ्यायला. घेतली त्यानं. तिथंच अंगणात कापड सोडलं, चाक फिरवून पाहिलं, तर मशीन अशी सुळसुळीत चालली की त्याला खरंच वाटेना. मग तो तुमच्या पाया पडला. म्हणाला, "बाबूजी, आपने जंग नईं लगन दई." गंज लागू दिला नाहीत. असं म्हणून तुम्ही ताटाकडे बघत बसलात, आणि आईनं वाढलेली पोळी तशीच गार झाली.

आता माझे प्रश्न. त्याचा अर्ज आधी तुमच्याच हातातून गेला असणार ना? त्यात कात्री लिहिलेली असणार. म्हणजे कोर्टात मशीन उलटवायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं, की चष्मा लावल्यावरच कळलं? त्या वर्षानंतर तुम्ही मालखान्यात खंडे नवमी केली नाहीत. का? सील तोडायची भीती बसली, की दुसऱ्याच्या वतीनं पूजा करायचा आपल्याला हक्क नाही असं वाटलं? आणि टहरौलीची बस सुटते तिथपर्यंत तुम्ही संध्याकाळचे फिरायला जायला लागलात, ते हवा खायला तर खास नव्हे. भेटला कधी? सांगितलंत त्याला? मला रागानं नाही विचारायचं हो. नुसतं कुतूहल आहे. तुम्ही लबाड माणूस असतात तर प्रश्नच नव्हता. लबाड माणसानं ती मशीन घासलीच नसती, आणि कात्री जागेवर राहिली असती.

तर नातीला मी ही गोष्ट सांगितली. शेंदूर सांगितला, विटकरीची पूड सांगितली, कोर्ट सांगितलं. आणि मॅजिस्ट्रेटनं विचारलं, इथपर्यंत आल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "तेव्हा तुझे पणजोबा म्हणाले, हुज़ूर, निशान था, मैंने ही पोंछ दिया." बोलल्यावर थांबता येईना. नोकरीवर बालंट आलं पण निभावलं, म्हटलं. शिंप्याला मशीन त्याच दिवशी मिळाली, म्हटलं. पोरीचे डोळे असे चमकले की माझा नाइलाज झाला.

वादविवादाला मी पहिल्या रांगेत बसले होते. तिनं तुमची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाली, एखाद्या गरिबाचं पोट एका हवालदाराच्या खरेपणावर टांगून ठेवायचं का? "मेरे पणजोबा जैसे लोग हर थाने में नहीं होते, इसलिए कानून बदलना चाहिए." टाळ्यांचा नुसता कडकडाट. मीसुद्धा वाजवल्या. घरी येऊन ती गळ्यात पडली, तुमचा फोटो मोठा करून लावायचा म्हणते, आणि मी तो शोधून दिलाय.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, तिच्या हाती तर मुळीच लागू द्यायचं नाही. पण एक कबूल करते. इतके दिवस मला वाटत होतं, हे खोटं मी तुमच्यासाठी बोलले. आता लिहिताना लक्षात आलं की मी तिला सांगितलेल्या गोष्टीत, नवमीला ताट घेऊन आई आली होती, चष्मा तुमच्या खिशातच होता, आणि कोर्टातला मागचा बाक रिकामा होता.