चौथ्या धड्यातली शांतता

३ नोव्हेंबर, सोमवार. दौंड
पहिला धडा रेकॉर्ड करायला बसले आणि ‘नमस्कार’च्या पुढे गाडी गेलीच नाही. इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, पण मोबाईलच्या त्या बारक्या काळ्या भोकासमोर तोंडाला कोरड पडली. विल्सन दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, “अख्खा वर्ग गप करतीस आन् एका फोनला भितीस व्हय?” नवऱ्यांचं काय जातं बोलायला.
कोर्स का करतेय ते एकदा लिहून ठेवते, धीर सुटला की वाचायला. दहावी बाहेरून देणारे लोक. कोणी कुरकुंभच्या केमिकल कंपनीत, कोणी हायवेच्या हॉटेलात. शाळेच्या वेळेत शिफ्ट, क्लासच्या वेळेत झोप. त्यांनी धडा कुठे, कधी ऐकायचा? म्हणून.
लिहिलं तरी भीती काही कमी नाही.

५ नोव्हें., बुध.
आमच्या शाळेतले संगणकाचे जगदाळे सर आज घरी आले. कोर्सचं तांत्रिक सगळं तेच बघणार. उत्साही माणूस. त्यांचं म्हणणं: चित्र थोडं अंधूक चालेल, आवाज स्वच्छ हवा. एका धड्यात एकच गोष्ट. धडा छोटा. लांबला तर दोन भाग करायचे. आणि प्रत्येक धड्याखाली एक प्रश्न, ज्याचं उत्तर लोकांनी वहीत लिहून फोटो पाठवायचा.
पटलं. पंखा बंद, कुकर बंद, खिडकीला गोधडी. रेल्वेच्या भोंग्याला काय करणार, दौंडात राहून?
पहिले दोन धडे झाले. कागदावरून वाचले. बातम्या दिल्यासारखे. मलाच झोप आली.

८ नोव्हें., शनि.
आज जमलं! कागद फेकून दिला आणि वर्ग समोर आहे असं धरून चालले. चौथा धडा, तीव्र आम्ल पातळ कसं करायचं.
वर्गात माझी जुनी खोड आहे. मुद्दाम चुकीचं सांगायचं आणि गप्प उभं राहायचं. पोरं एका सुरात ओरडतात, “न्हाई बाई!” मग मी म्हणायचं, “बरोबर!” त्या ओरडण्यात जे डोक्यात बसतं ते परीक्षेपर्यंत हलत नाही. आज फोनसमोर तेच केलं. म्हटलं, “आम्ल पातळ करायचंय ना? मग सरळ आम्लात पाणी ओतायचं.” थांबले. चांगली थांबले. पोरांचा कालवा मला ऐकूसुद्धा आला. मग म्हटलं, “बरोबर! का, ते पुढच्या भागात प्रयोग करून बघू.”
प्रयोगाचा भाग शाळेच्या लॅबमध्ये करणार. पुढच्या आठवड्यात.
विल्सन म्हणाला, “आत्ता कशी आमची बाई वाटलीस.” बरं वाटलं. तेवढ्यापुरतं.

९ नोव्हें., रवि.
चर्चमधून येताना जगदाळे सरांचा फोन. धडे तयार. “बाई, मधेच किती गप्प बसता! लोक तेवढ्यात निघून जातात. ॲपमधी एक बटण हाय, शांतता आपोआप कापून निघती. कसं फास्ट झालंय बघा.”
बघायला घेतलं. स्वतःचं तोंड बघवेना. हनुवटी, तो आवाज, ‘आणि’च्या जागी निसटलेलं ‘आन्’. पहिल्या धड्याच्या अर्ध्यावर फोन पालथा घातला आणि सरांना कळवलं, चालेल, टाका.
लोक हसतील. शाळेत कळलं तर स्टाफरूममध्ये महिनाभर विषय पुरेल. एवढीच भीती आज.

११ नोव्हें., मंगळ.
कोर्स सुरू. माणसं येतायत! आमच्या ताईने कारेगावहून फोन केला. तिच्या खोल्यांमध्ये रांजणगावच्या कारखान्यांतले कामगार भाड्याने राहतात. म्हणाली, “आगं, तुजं ते ॲसिडचं लई भारी झालंय. सरांनी तुकडा पाठिवलावता, मी समद्या भाडेकरूंना धाडला.”
जाहिरातीसाठी सरांनी चौथ्या धड्याचा तुकडा काढलाय म्हणे. असो.
ग्रुपवर सगळे आवाज पाठवतात. चेहरा कुणाचाच नाही. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल, ट्रॅक्टर, देव. एक बाई भांडगावची, कुरकुंभला कंपनीत कामाला, फोटोच्या जागी मोराचं पीस, नाव नुसतं ‘सुनीता’. “म्याडम, मी दोनदा नापास झाल्ये. पर तुमचं समजतंय मला.” तिचा निरोप तीनदा ऐकला. घसा जरा बसका, बोलताना मधे मधे हसते. भीती बरीच उतरली.

१४ नोव्हें., शुक्र.
घाईत लिहितेय. अक्षर असंच येणार.
चौथ्या धड्याच्या उत्तरांचे फोटो आले. तिघं सोडून सगळ्यांनी बरोबर लिहिलंय, पाण्यात आम्ल, थेंब थेंब. तिघांनी उलटं. ‘तीव्र आम्लात पाणी ओतावे.’ आधी चिडले. लक्ष देत नाहीत म्हणून. मग तिसरा फोटो सुनीताचा. सुंदर अक्षर, वाक्याखाली पट्टीने रेघ. आणि सोबत आवाज: “म्याडम, ह्ये तर माज्या कामाचंच निघालं. सोमवारपासनं मला लॅबमधी घेनार हायेत, बाटल्या धुवायच्या आन् पातळ करून द्यायचं. तुमचं वाक्य पाठच केलं मी.”
तेव्हा चौथा धडा लावला. पहिल्यांदा.
“…सरळ आम्लात पाणी ओतायचं बरोबर का ते पुढच्या भागात…”
माझी शांतता नाहीच. पोरांना ओरडायला जागाच नाही. मीच चुकीचं सांगतेय आणि मीच त्याला ‘बरोबर’ म्हणतेय, एका दमात, हसऱ्या तोंडाने.
बाकीच्यांना आधीपासून माहीत होतं म्हणून ते वाचले. जिने माझ्यावर विश्वास ठेवला तीच चुकली.
आम्लात पाणी ओतलं की काय होतं ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. उकळतं. उडतं. तोंडावर, डोळ्यांत.

१५ नोव्हें., शनि.
सरांनी धडा काढून टाकला. त्यांचा चेहरा पांढराफटक. “बाई, मला वाटलं तुम्ही विसरला पुढचं, म्हनून थांबला.” त्यांना काय बोलणार? बघितलं नाही मीच.
चुकलेल्या तिघांपैकी दोघांना फोन लागला. एकजण हॉटेलात, आम्लाशी संबंध नाही. दुसरा कंपनीत आहे, पण म्हणाला, “म्याडम, आमाला थितं कोन हात लावू देतंय? आमी ड्रम ढकलतो फकस्त.” इतका जीव भांड्यात पडला की रडूच आलं. तो बिचारा मलाच समजावत बसला.
सुनीताचा फोन बंद. संदेशावर एकच टिक.
ताईला सांगितलं, सगळ्यांना परत निरोप दे. ती म्हणते, “दिला गं. पर त्यांनी म्होरं कुनाला धाडलं ते मला काय म्हाईत? एक बॅटरीवाल्याकडं कामाला हाय, त्येला सोता जाऊन सांगून आले.” बॅटरीवाला! बॅटरीतही आम्लच असतं, हे मला सुचलंच नव्हतं.
चूक दुरुस्त करणारा व्हिडिओ टाकला. ह्या वेळी कॅमेऱ्याची अजिबात भीती वाटली नाही. पण जुना तुकडा ज्या वेगाने गेला तसा हा जात नाहीये. मजेशीर नाही ना.
विल्सन म्हणतो, कंपनी काय अशीच हातात आम्ल देते का? शिकवतात, चष्मा देतात, बरोबर कोणीतरी असतं. असतं, मान्य. पण ती त्यांना सांगेल, मला येतं, मी शिकलेय. आणि हसेल.

१६ नोव्हें., रवि.
चर्चला गेले, बसले, उठले. पाळकसाहेब काय बोलले ते विचारू नये. डोळे मिटले की पट्टीने मारलेली रेघ दिसते.
दुपारी विल्सनने गाडी काढली, भांडगावला गेलो. चौकात विचारलं, सुनीता कुठे राहते? “कंची सुनीता? आडनाव काय?” आडनाव माहीत नाही. “दिसायला कशी हाय?” माहीत नाही. माणसं माझ्याकडे बघायला लागली. शेवटी म्हटलं, कुरकुंभला कामाला जाते, दहावीला बसलीय. तेव्हा एका आजोबांनी वाट दाखवली. विल्सन त्यांना आबा, आबा करत होता, मला तेवढंही सुचेना.
हायवेपलीकडे पत्र्याच्या खोल्या. कुलूप. शेजारीण तांदूळ निवडत होती. म्हणाली, “म्हायेरला गेलीया. फोन बिघाडलाय तिचा, दुरुस्तीला टाकलाय. उद्या सकाळच्याला थितनंच कामावर जाईल.”
“कुठल्या कंपनीत?”
“ते नाव न्हाई येत मला. निळं गेट हाय म्हनती.”
“माहेर कुठलं?”
“लांब हाय. नगरच्या अंगाला. गाव काय ध्यानात न्हाई बगा.”
मी तिथेच तिच्या पायरीवर बसले. तिने पाणी दिलं. विचारलं, “बाई, तिनं काय केलंय का?” म्हटलं, तिने काही नाही केलं.
परत येताना विल्सनने गाडी सावकाश चालवली. मला भीती वाटते तेव्हा तो चेष्टा करतो. आज केली नाही.

१७ नोव्हें., सोम. कुरकुंभ
चहाच्या टपरीवर बसून लिहितेय. रिकामे हात आवरत नाहीत म्हणून.
शाळेत रजा टाकली. सकाळी निघालो तर रेल्वे फाटक बंद, मालगाडी संपता संपेना. पोचेपर्यंत पहिली शिफ्ट आत गेलेली. निळी गेटं इथे तीन. दोन ठिकाणी नाही म्हणाले. हे तिसरं.
वॉचमन म्हातारा, भला वाटला. “तुमी कोन तिच्या?”
“शिक्षिका.”
“पूर्न नाव सांगा की मग.”
“सुनीता. भांडगावची.”
“ठेकेदाराच्या बायकांत चार सुनीता हायेत, बाई. शिक्षिका म्हंता आन् आडनाव ठावं न्हाई?”
विल्सन मधे पडला. “मामा, लॅबमधी आजपासून नवी घेतलीय ती. तिला आम्ल-बिम्ल कुनी हातात देऊ नका, एवढाच निरोप पोचवा. जिवाचं काम हाय.”
त्याने आत फोन लावला. कोणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला. मग एका सुपरवायझरशी बोलला. “सांगितलंय. बघतो म्हनला.” बघतो म्हणजे काय? काय बघतो? मी विचारलं तर म्हणाला, “जेवणाची सुट्टी हुईल, बायका भायेर येतील टपरीवर. तवा तुमीच बोला.”
हवेत तो इथला वास. घशाला लागतो. मघाशी आतून कोणीतरी जोरात ओरडलं, मी उभी राहिले. ट्रक मागे घेत होते.
विल्सनला म्हटलं, कोर्स बंद करते. तो म्हणाला, “आधी ती भेटू दे. मग कर काय करायचं ते.”
वर्गात कोणी गैरहजर असलं तरी माझ्या लक्षात येतं. कोणाला समजलं नाही ते कपाळावर दिसतं. त्या धड्यावर सुनीताला समजलं की नाही, हे बघायला माझ्यासमोर कपाळच नव्हतं. चार भिंतींत गोधडी लावून बसले आणि समजले, वर्ग समोर आहे.
भोंगा झाला.
बायका बाहेर पडतायत. पंधरा-वीस असतील. वासामुळे सगळ्यांनी ओढणीने तोंड बांधलंय, फक्त डोळे उघडे. एकीच्या हाताला काहीतरी पांढरं गुंडाळलंय, की हातमोजा आहे, इथून कळत नाही. माझी विद्यार्थिनी ह्यांच्यात असेल, किंवा नसेल. समोरून गेली तरी मी ओळखणार नाही.
आवाज ओळखीन. पण कोणी बोलत नाहीये, सगळ्या भराभर चालल्यात.
वही मिटते. हाक मारते.