जांभळावरचे सुरवंट

अण्णा, ते जांभळाचं झाड तोडायची काही गरज नव्हती. इतकी वर्षं झाली, तुम्हीही गेलात, तरी नाशिक रोडच्या त्या घरामागची रिकामी जागा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजला निघण्याआधी मी झाडाशी जायचे. केसाळ सुरवंट एकमेकांना खेटून खोडावर पडलेले असायचे, अगदी सालीच्या रंगाचे. शेजारच्या काकूंच्या नातवाने त्यांना हात लावला, हात सुजला, आणि काकू आपल्या दारात आल्या. तुम्ही लगेच कुऱ्हाडवाला बोलावलात.

"अण्णा, आठवडाभर थांबा. कोषात जातील ते. तोवर मी कुणाला झाडाजवळ फिरकू देत नाही."

"तुझ्या किड्यांपायी शेजार तोडू का मी?"

तोडलेल्या फांद्यांवर रॉकेल ओतून तुम्ही स्वतः काडी लावलीत. आधीच झालेला एक कोष तेवढा मी वाचवला. आईने ओट्यावरची रिकामी बरणी पुढे केली. त्यातून एका सकाळी मादी पतंग बाहेर आली, पिवळसर हिरवी. खिडकीच्या गजावर तिने ओळीने अंडी घातली आणि त्यांवर स्वतःच्या अंगावरचे केस चिकटवले. मी आईला सांगत होते, हिला खाताच येत नाही गं, सुरवंट असताना खाल्लं त्याच्यावरच हिचे दिवस निघतात. तेवढ्यात तुम्ही ओला फडका घेऊन आलात आणि गज पुसून काढलात.

"पाहुणे यायचेत," म्हणालात. ते मला बघायला येणार होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्यासमोर तुम्ही हसून सांगितलंत, "कॉलेजचं आता संपलंच समजा."

पोरं शाळेत जायला लागल्यावर मी राहिलेलं बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. केलं. तेव्हा तुम्ही होतात. पेढा खाल्लात. विषय कुठला, ते विचारलं नाहीत.

आता मी कॉलेजात शिकवते. आज चांदवडच्या एका विद्यार्थिनीने घरच्या डाळिंबावरचे तसेच सुरवंट आणले आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला ही आवड कशी लागली?"

"वडिलांमुळे," मी म्हणाले. "रोज सकाळी मला झाडापाशी घेऊन जायचे." पोरगी केवढी हरखली.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते: ते खोटं बोलताना मला फार बरं वाटलं.