शिफ्टचे सगळे नियम मिळाले

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. चिंचवडच्या आमच्या कंपनीचा शिफ्टचा तक्ता यापुढे कॉम्प्युटर लावणार. प्रोग्रॅम मी लिहिणार. यशवंतराव साहेब म्हणाले, एक मार्चपासून नीट चालला तर तुम्हाला कायम करू. नियम गोळा करायला एक दिवस पुरे.

६ फेब्रुवारी
आजवर तक्ता टाइम ऑफिसचे दत्तोबा हाताने लावत. त्यांनी तीन नियम सांगितले. अजून काही? न्हाई साहेब, एवढंच. सोपं काम अवघड भासवायची लोकांना सवयच.

९ फेब्रुवारी
चहा पिताना दत्तोबा सहज म्हणाले, भैरू आन् भिमाजीला मी एका शिफ्टला टाकत न्हाई. तळवड्याहून यायला दोघांत एक सायकल. आधी का नाही सांगितलं? तर, तुमी नियम इचारले, ह्यो काय नियम हाय व्हय?
प्रोग्रॅमची कार्डं पुन्हा पंच केली.

१५ फेब्रुवारी
खंडूला सेकंड शिफ्ट चालत नाही. त्याची म्हैस संध्याकाळी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. प्रोग्रॅममध्ये म्हशीला जागा नाही.

१७ फेब्रुवारी
कडक निर्णय. नियमांची यादी बंद. नोटीस लावली: सर्वांना फिरती शिफ्ट, भीड कोणाचीच नाही. तक्रार असल्यास दोन ओळींत लेखी अर्ज. दत्तोबांनी नोटीस दोनदा वाचली, बरंय म्हणाले. पटलेलं दिसतं.

२५ फेब्रुवारी, रविवार
आराम. पिंपळे गुरवची ही खोली नशिबानेच मिळाली. भागीदार ज्योतीराम आमच्याच कंपनीत, कायम नाइटला. खाट एकच, रात्री माझी, दिवसा त्याची. गाठ पडत नाही, त्यामुळे भांडण नाही. काही गोष्टी आपोआप जुळून येतात.

१ मार्च
तक्ता लागला. भैरू-भिमाजी डबलसीट आले. तासभर उशिरा, पण आले. मार्ग निघतो.
संध्याकाळी घरी आलो तर खाटेवर ज्योतीराम घोरतोय.

२ मार्च
फरशीवर झोपलो. पाठ धरली आहे. ज्योतीराम म्हणाला, भावा, तुझ्याच मशीननं मला फर्स्टला टाकलंय. शिवाय म्हणाला, तुला ही खोली दत्तोबांनी दाखवली ती माझी नाइट बघूनच.

७ मार्च
सेकंड शिफ्टला खंडूसकट निम्मी लाइन गैरहजर. तक्ता पुन्हा दत्तोबांकडे. कायम करण्याचं साहेब पुढच्या वर्षी बघणार.
दत्तोबांना म्हटलं, ज्योतीरामला तेवढं नाइटला टाका. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, साहेब, ह्यो काय नियम हाय व्हय?
अर्ज लिहायला बसलोय. दोन ओळींत बसत नाही.